चीनला नावं ठेवून कापसाला भाव येत नाही

दसरा झाला की मानवत, सेलू, परभणीच्या मोंढ्यांत कापसाच्या गाड्या लागू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर निरोप फिरतात: चिनी माळा घेऊ नका, चिनी आकाशकंदील घेऊ नका. निरोप पाठवणाऱ्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. गलवानमध्ये आपले वीस जवान गेले, तो राग खरा आहे. पण या निरोपांच्या पोटात एक समजूत आहे. चिनी माल म्हणजे टाकाऊ माल, तो स्वस्त पडतो तो निव्वळ वेठबिगारी आणि सरकारी पैशामुळे, आणि आपण तो घ्यायचं थांबवलं की तिथले कारखाने इकडे येतील, अशी ती समजूत. ती चुकीची आहे. आणि तिची किंमत शहरातला ग्राहक देत नाही, परभणीसारखा कच्चा माल पिकवणारा जिल्हा देतो. म्हणून हा वाद घालणं मला गरजेचं वाटतं.

बहिष्काराचं काय झालं ते आधी पाहू. गलवाननंतर दोन आठवड्यांत, 29 जून 2020 रोजी, केंद्र सरकारनं 59 चिनी ॲपवर बंदी घातली. चौकाचौकांत चिनी वस्तूंच्या होळ्या झाल्या. त्या आर्थिक वर्षात चीनकडून आपली आयात सुमारे 65 अब्ज डॉलरची होती. 2024-25 मध्ये ती 113 अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि त्या वर्षी आपण चीनला विकलं ते 14 अब्ज डॉलरच्या आसपासचं. म्हणजे बहिष्काराच्या पाच वर्षांत खरेदी दीडपटीहून जास्त वाढली. कारण उघड आहे. या आयातीत दिवाळीच्या माळा नगण्य असतात. मोठा हिस्सा यंत्रांचा, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा, बॅटऱ्यांचा, रसायनांचा, औषधांच्या कच्च्या मालाचा असतो.

हे दूरचं वाटत असेल तर जिंतूर किंवा पाथरी तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जाऊन पाहा. सौर कृषिपंपाच्या पॅनेलवर भारतीय कंपनीचं नाव असतं, सरकारी योजनेच्या नियमानुसार आतले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. पण ते सेल ज्या सिलिकॉनच्या पातळ चकत्यांपासून बनतात त्या जवळजवळ सगळ्या चीनमधून येतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2022 मध्येच सांगितलं होतं की सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. ठिबकमधून सोडायच्या विद्राव्य खतांचंही तसंच. 19:19:19 असो की 12:61:00, आपल्या देशातल्या अशा खतांचा सुमारे 80 टक्के पुरवठा चीनवर अवलंबून होता. 2025 च्या जूनमध्ये, ऐन खरिपाच्या तोंडावर, चीननं भारताकडे येणारी ही खतं तपासणीच्या नावाखाली रोखली. डीएपीची आवक त्याआधीच घटली होती. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले, तेव्हा कुठे निर्बंध सैल करण्याचं आश्वासन मिळालं. आपण माळांवर बहिष्कार टाकत होतो तेव्हा त्यांनी खतांवर हात ठेवला. नाकारण्याची ताकद कुणाकडे आहे हे यावरून कळतं, आणि ती हलका माल बनवून आलेली नाही.

चिनी माल हलका होता, यात खोटं काहीच नाही. 2007 मध्ये शिशाच्या रंगामुळे मॅटेल कंपनीला चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी बाजारातून परत घ्यावी लागली. 2008 मध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्यानं तिथली सहा बाळं दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. आपल्याकडेही तीन दिवसांत बंद पडणारी घड्याळं, चार्जिंगला लावली की फुगणारे मोबाइल लोकांनी घेतले आहेत. पण त्याच देशानं 2023 मध्ये जपानला मागे टाकून जगात सर्वाधिक मोटारगाड्या निर्यात केल्या. विजेच्या गाड्या, त्यांच्या बॅटऱ्या, दूरसंचाराची यंत्रं यांत आज युरोप-अमेरिकेच्या कंपन्या चीनच्या दर्जालाही घाबरतात, केवळ स्वस्ताईला नव्हे. हे कसं घडलं ते पाहण्याऐवजी आपण वीस वर्षांपूर्वीचाच शेरा घोकत बसलो आहोत.

1985 मध्ये छिंगताव शहरातल्या एका डबघाईच्या फ्रिज कारखान्यात एका ग्राहकाची तक्रार आली. कारखान्याचे प्रमुख झांग रुइमिन यांनी कोठारातला सगळा माल तपासला, तेव्हा 76 फ्रिज सदोष निघाले. एक फ्रिज म्हणजे तेव्हा कामगाराची वर्षा-दोन वर्षांची कमाई. कामगारांनी सुचवलं, कमी भावात आम्हालाच विका. झांग यांनी ज्यांच्या हातून ते बनले होते त्यांच्याच हातात घण दिला आणि सगळे फोडायला लावले. हाच कारखाना पुढे हायर झाला. 2007 मध्ये त्यानं पुण्याजवळ रांजणगावला कारखाना घेतला आणि आज तिथे फ्रिजच्या साखळीवर मराठी पोरं उभी असतात. मराठवाड्यातून आयटीआय करून चाकण-रांजणगावला गेलेल्या मुलांना विचारा, चिनी व्यवस्थापनाचा माल हलका असतो का. त्यांच्या लेखी हा प्रश्नच जुना झाला आहे.

नवखा देश आधी स्वस्त आणि कच्चा माल विकतो, मग शिकतो, मग जुन्यांना मागे टाकतो. ब्रिटिश संसदेनं 1887 मध्ये परदेशी मालावर देशाचं नाव छापण्याची सक्ती केली, ती मुख्यतः जर्मन मालाची नक्कल उघडी पाडायला. दहा वर्षांच्या आत इंग्रजच त्या नावाला धास्तावले. जपानचं उदाहरण तर आपल्या कापसाशी थेट बांधलेलं आहे. 1930 च्या दशकात जपानी कापड मुंबईच्या बाजारात इतकं स्वस्त येऊ लागलं की गिरणीमालकांनी संरक्षणाचा धोशा लावला. तेव्हाच्या सरकारनं ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावरची जकात ऑगस्ट 1932 मध्ये 50 टक्के आणि जून 1933 मध्ये 75 टक्के केली. जपानी सूतगिरण्यांनी उत्तर दिलं ते भारतीय कापूस घेणं थांबवून. वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसाला जपान हे मोठं गिऱ्हाईक होतं. गिरणीमालकांच्या रक्षणासाठी शेतकऱ्याचं गिऱ्हाईक गेलं. अखेर 1934 च्या सुरुवातीला करार झाला: जपाननं वर्षाला कमाल 40 कोटी वार कापड भारतात पाठवावं आणि त्याबदली 15 लाख गाठी कापूस उचलावा. स्पर्धेचं भांडण कापडाचं होतं. ते मिटलं तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कच्चा कापूस होता.

ही नव्वद वर्षांपूर्वीची मांडणी मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण आपली जागा तेव्हा होती तिथेच आहे. 2011 ते 2014 या काळात चीननं आपल्या शेतकऱ्याला भाव देण्यासाठी कापसाचा प्रचंड सरकारी साठा केला. तिथल्या गिरण्यांना घरचा कापूस महाग पडू लागला, म्हणून त्यांनी आपला उचलला. चीन हे भारतीय कापसाचं पहिल्या क्रमांकाचं गिऱ्हाईक झालं. मराठवाड्यात त्या वर्षांत नवे जिनिंग उभे राहिले, कर्जं निघाली. मध्येच 5 मार्च 2012 रोजी आपल्याच केंद्र सरकारनं कापूस निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि ओरड झाल्यावर ती मागे घेतली. 2014 मध्ये चीननं धोरण बदललं, खरेदी आटली, भाव उतरले. परभणीच्या शेतकऱ्याच्या घरातली तीन-चार वर्षांची बरकत बीजिंगमधल्या एका निर्णयानं आली आणि दुसऱ्यानं गेली. ज्या देशाशी आपला इतका व्यवहार होता त्याच्याविषयी आपल्या तालुक्यांत माहिती किती होती? माळा टिकत नाहीत, एवढीच.

आता उलट बाजू पाहू. चिनी गिरणीत भारतीय कापसाची पत काय आहे? मला सर्वांत जास्त बोचतो तो हा मुद्दा. आपला कापूस हातानं वेचला जातो, म्हणजे यंत्रानं वेचलेल्या अमेरिकन किंवा ऑस्ट्रेलियन कापसापेक्षा तो स्वच्छ असायला हवा. जागतिक बाजारात तो सवलतीनं विकला जातो, कारण त्यात काडीकचरा, पानाचा चुरा, सुतळीचे आणि प्लॅस्टिकचे धागे, केस, कापडाच्या चिंध्या निघतात. रंगाईच्या वेळी एक प्लॅस्टिकचा धागा सापडला तरी कापडाचं ठाणच्या ठाण नापास होतं. हे प्लॅस्टिक येतं कुठून? खताच्या रिकाम्या गोण्यांतून. कापूस त्यांतच भरला जातो, कारण सुती पिशव्या कुणी देत नाही. यात वेचणाऱ्या बाईचा दोष मी काढणार नाही. किलोमागे मजुरी घेऊन ती भल्या पहाटेपासून वाकलेली असते. चांगलं वेचलं म्हणून तिला रुपया जास्त मिळत नाही आणि शेतकऱ्यालाही मिळत नाही.

शेतकऱ्याला का मिळत नाही, ते मोंढ्यात पाच मिनिटं उभं राहिलं की दिसतं. व्यापारी मूठभर कापूस घेतो, बोटांनी धागा ओढतो, ओलावा पाहतो, कवडी किती आहे ते बघतो आणि भाव पुकारतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलाव्याचं यंत्र असतं. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 टक्क्यांच्या वर खरेदी नाही. पण धाग्याची लांबी, मजबुती, बारीकपणा, म्हणजे गिरणी ज्यासाठी पैसे मोजते ते गुण, शेतकऱ्याच्या ढिगावर कुणी मोजत नाही. ते मोजले जातात रुईची गाठ बांधल्यावर, तिचा मालक बदलल्यानंतर. चीननं 2003 च्या सुमारास कापूस तपासणीची पद्धतच बदलायला घेतली. नमुन्यावर भागवायचं सोडून प्रत्येक गाठीची यंत्रावर तपासणी, प्रत्येक गाठीला तिचा क्रमांक, आणि त्या आकड्यांवर भाव. आपल्याकडे 2000 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मिशननं जिनिंगच्या यंत्रांना पैसा दिला, 2020 मध्ये ‘कस्तुरी कॉटन’ या नावानं भारतीय कापसाची मुद्रा जाहीर झाली. दोन्ही चांगली पावलं. पण ती जिनच्या फाटकापर्यंत येऊन थांबली, फाटकाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरपर्यंत पोचली नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तिथे हुकूमशाही आहे, म्हणून जमतं. शिनच्यांग प्रांतात उइगुर लोकांवर जे लादलं गेलं ते भयंकर आहे. अमेरिकेनं 2021 पासून तिथल्या कापसाच्या मालाला दार बंद केलं, त्यामागे हेच कारण आहे, आणि त्याचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण चीनच्या यशाचा सगळा हिशेब त्या एका पानावर मांडणं म्हणजे स्वतःला फसवणं होय. तिथला बहुतांश कापूस आता यंत्रानं वेचला जातो. गाठीची तपासणी करायला हुकूमशाही लागत नाही. चांगलं बियाणं काढायला तर मुळीच लागत नाही.

बियाण्याची गोष्ट परभणीनं तरी नीट ऐकावी, कारण इथे कृषी विद्यापीठ आहे आणि कापूस संशोधनाची परंपरा निजामाच्या काळापासूनची आहे. गोदावरीच्या खोऱ्यातला गावरानी कापूस त्याच्या धाग्यासाठी ओळखला जायचा. चीनमध्ये बीटी कापसाला 1997 मध्ये परवानगी मिळाली. तिथे मोन्सॅन्टोचं जनुक आलं, आणि सोबत त्यांच्या सरकारी कृषी विज्ञान अकादमीनं स्वतः विकसित केलेलंही आलं. काही वर्षांत देशी जनुकाच्या वाणांनी निम्म्याहून अधिक क्षेत्र घेतलं, आणि बियाण्याचे भाव आवाक्यात राहिले. आपल्याकडे बीटी 2002 मध्ये आलं ते शेजारच्या जालन्याच्या महिको कंपनीमार्फत, मोन्सॅन्टोचं जनुक घेऊन, आणि फक्त संकरित वाणांत. दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं. सरकारी संशोधनातून ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण 2008 मध्ये मंजूर झालं. त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक आढळल्यानं दोन वर्षांच्या आत ते मागे घ्यावं लागलं. चिनी अकादमीच्या आणि आपल्या संस्थांच्या कामात हा फरक पडला, आणि त्याचं दुःख एखाद्या फुसक्या फटाक्यापेक्षा हजारपट मोठं असायला हवं होतं.

गुलाबी बोंडअळीचंही पाहा. यांगत्झेच्या खोऱ्यात ही अळी बीटीला दाद देईनाशी होऊ लागली होती. तिथल्या कंपन्या आणि शेतकरी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचं स्वस्त बियाणं वापरू लागले. त्यात चौथा हिस्सा झाडं आपोआप बिगर-बीटी निघतात, आणि त्यांच्यावर वाढलेल्या अळ्यांमुळे प्रतिकार पसरेना, उलट कमी झाला. ही योजना सरकारनं आखलेली नव्हती. स्वस्ताईतून घडलेल्या गोष्टीचा तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2017 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच 2017 मध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लं. आपल्याकडेही बिगर-बीटी झाडं लावायची होती. त्यासाठी पाकिटासोबत वेगळी 120 ग्रॅमची पुडी मिळायची. ती बांधावर फेकली जायची, कारण तिच्यातल्या बियाण्यावर कुणाचा भरवसा नव्हता आणि ती का लावायची ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

परिणाम उत्पादनात दिसतो. भारतात हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई निघते आणि महाराष्ट्र त्याहूनही खाली आहे. चीनची सरासरी दोन हजार किलोच्या पुढे आहे. शिनच्यांगमध्ये बर्फाचं पाणी आहे, ठिबक आहे, आच्छादन आहे. आपला कापूस बहुतांशी कोरडवाहू, पावसावर. ही तुलना सरळ नाही हे मला मान्य आहे. तरीही पूर्वेकडच्या शांतोंगसारख्या प्रांतात हेक्टरी हजार किलोच्या वर रुई निघते. जायकवाडीचा डावा कालवा, येलदरी, निम्न दुधना यांच्या लाभक्षेत्रात तरी आपण त्याच्या किती जवळ पोचलो, याचा हिशेब मागायला हवा. परभणी विद्यापीठानं पीए 255, पीए 402 अशी लांब धाग्याची देशी सरळ वाणं काढली आहेत. दाट लागवडीला आणि हलक्या जमिनीला ती चालतात, बियाणं घरचं ठेवता येतं. शेतकऱ्याच्या शेतात ती अभावानंच दिसतात, कारण त्यांच्यामागे ना पाकिटांची जाहिरात आहे ना वेगळा भाव.

आणि कारखाने इकडे येतील या आशेचं काय? 15 जून 2020 रोजी महाराष्ट्र सरकारनं तीन चिनी कंपन्यांशी मिळून सुमारे 5,000 कोटींचे करार केले. त्यातला सर्वांत मोठा 3,770 कोटींचा, ग्रेट वॉल मोटर्सशी, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना चालवण्यासाठी. त्याच रात्री गलवान घडलं. करार गोठले, 2022 मध्ये कंपनीनं नाद सोडला आणि 2023 मध्ये कारखाना ह्युंदाईनं घेतला. सुरक्षेसाठी तो निर्णय योग्य असेलही. पण मधली तीन वर्षं तळेगावच्या कामगारांनी भोगली, आणि चीननं त्या तीन वर्षांत गाड्यांची निर्यात कितीतरी वाढवली.

मजुरी कमी म्हणून कारखाने येतात, हेही खरं नाही. तसं असतं तर परभणीत शिलाईच्या कारखान्यांची रांग लागली असती. चीननं 1978 नंतर तालुक्या-गावांत छोटे कारखाने वाढू दिले. 1996 पर्यंत त्यांत साडेतेरा कोटी माणसं काम करत होती. आपण तयार कपड्यांचा धंदा 2001 पर्यंत लघुउद्योगांसाठी राखून ठेवला, म्हणजे कुणाला मोठं होऊच दिलं नाही. 2005 मध्ये कापड-कपड्यांच्या निर्यातीवरचा जागतिक कोटा उठला तेव्हा चीन तयार होता, बांगलादेश तयार होता. बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. तो आपलंच सूत नेतो आणि आपल्या दुपटीहून अधिक कपडे निर्यात करतो. हे चीनच्या लबाडीमुळे झालं असं कोण म्हणेल? इकडे नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली, औरंगाबादची कापडगिरणी बंद पडली, आणि आपल्या जिल्ह्यात कापसाचा कारखानदारीशी संबंध बहुतेक जिनिंग-प्रेसिंग आणि सरकीच्या तेलापाशी येऊन संपतो.

योग्य हत्यार कोणतं, तेही आपल्याच देशानं एकदा दाखवलं आहे. 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानकांची सक्ती झाली, जकात वाढली, आणि चिनी खेळण्यांची आयात खरोखर घटली. ते घडलं मोजमापानं आणि नियमानं, निरोप फिरवून नव्हे. तीच शिस्त कापसात आणायची सोडून सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये काय केलं? अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लादलं, कापड निर्यातदार अडचणीत आले, म्हणून कापसावरची 11 टक्के आयातजकात आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत काढून टाकली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिन्ही महिने आपली वेचणी चालू असते. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झालेला, आणि मोंढ्यात सौदे त्याखाली होत होते. जागतिक स्पर्धेत टिकण्यासाठी चीननं आपला कापूस सुधारला. आपण आपला कापूस स्वस्त केला.

म्हणून येत्या हंगामात बहिष्काराचे निरोप पाठवणाऱ्यांनी त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी लिहावी. मानवत, सेलू आणि परभणीच्या बाजार समित्यांत धाग्याची तपासणी करणारं यंत्र बसवा, शेतकऱ्याच्या ढिगाचा नमुना तिथे लिलावाआधी तपासा, लांबी आणि मजबुतीचे आकडे पावतीवर छापा आणि भाव त्या आकड्यांवर पुकारा. वेचणीसाठी सुती पिशव्या समितीनं पुरवाव्यात आणि स्वच्छ कापसाचा जास्तीचा भाव वेचणाऱ्या बाईच्या मजुरीतही उतरावा. विद्यापीठाची सरळ वाणं सिंचित आणि कोरडवाहू अशा दोन्ही शिवारांत सलग क्षेत्रावर लावून त्यांच्या गाठी वेगळ्या बांधाव्यात, वेगळ्या विकाव्यात. बाजार समित्या सेस घेतात तो अशाच सोयींसाठी.